ऑब्झर्व्हर

खोलीत तिसरा माणूस असेल, असं चिन्मयीला कुणी सांगितलं नव्हतं.

मेडिकलच्या प्रवेशाच्या इंटरव्ह्यूसाठी लावलेल्या त्या छोट्या खोलीत टेबलापाशी प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरबाई होत्या. त्यांच्या मागे, कोपऱ्यात, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बसले होते. गळ्यात युनिव्हर्सिटीचं कार्ड, मांडीवर पॅड.

"हे ग्रॅहम. फक्त ऑब्झर्व्ह करणार आहेत," बाई म्हणाल्या. "ते इथे नाहीतच असं समज."

प्रश्न ओळखीचा निघाला. एकटे राहणारे आजोबा ऑपरेशनला नको म्हणतात. तू काय करशील? चिन्मयीने मनात तीन मुद्दे लावले आणि सुरुवात केली. आधी त्यांना का नको वाटतंय ते ऐकून घेईन, ती म्हणाली. ग्रॅहमनी मान हलवली. तिला धीर आला.

ती दुसऱ्या मुद्द्यावर आली, तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूने खाली ओघळलं. मांडीवरचं पॅड घसरून कार्पेटवर पडलं, आवाज न करता. त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला. हात उठला नाही. ते थेट तिच्याकडे बघत होते.

बाईंची त्यांच्याकडे पाठ होती.

हा अ‍ॅक्टर असणार, चिन्मयीला वाटलं. कोचिंगमध्ये सगळे हेच सांगायचे. कुणी मुद्दाम जांभई देतं, कुणी रडतं. तुमचं लक्ष उडतं का तेवढं बघतात. तिने नजर बाईंवर आणून ठेवली आणि आवाज जराही हलू दिला नाही. बाई भराभर लिहून घेत होत्या. छान चाललं होतं.

मग कोपऱ्यातून घोरल्यासारखा आवाज आला. बाईंनी वळून पाहिलं, आणि त्या इतक्या झटक्यात उठल्या की खुर्ची उलटली.

"ग्रॅहम! ओ गॉड, ग्रॅहम!"

असं कुणी खोटं ओरडत नाही. चिन्मयीला ते कळलं तेव्हाही तिचं तोंड सुरूच होतं. "...आणि घरच्यांनाही विश्वासात घेईन," ती म्हणाली आणि थांबली.

तिला कुणीतरी दंडाला धरून बाहेर आणलं. तो हृषिकेश होता, दुसऱ्या वर्षाचा स्टुडंट, आज व्हॉलंटिअर. तिच्या बॅजवरचं आडनाव वाचून तो मराठीत बोलू लागला.

"बस. पाणी पी. स्ट्रोक वाटतोय. तू घाबरू नकोस, तुला दुसरी रूम देतायत. हा इंटरव्ह्यू धरणारच नाहीत."

"पण मी..."

"तू काही केलं नाहीस. शांत बस फक्त. आत जाताना चेहरा असा नको."

अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं आली. स्ट्रेचर बाहेर आलं. ग्रॅहमचे डोळे उघडे होते. हिरव्या कपड्यांतल्या पॅरामेडिकने डॉक्टरबाईंना विचारलं, "नेमकं कधी सुरू झालं? औषध द्यायचं तर हॉस्पिटलला सुरू झाल्याची वेळ कळायला हवी."

"आत्ताच. मी वळले तेव्हा," बाई म्हणाल्या.

चिन्मयी उठली. हृषिकेशने तिची बाही ओढली. "अगं, राहू दे ना."

"तेव्हा नाही," ती म्हणाली. "त्याच्या आधी."

सगळे तिच्याकडे वळले.

"किती आधी?"

"माझा पहिला मुद्दा झाला तोपर्यंत ते ठीक होते. दुसऱ्याला तोंड वाकडं झालं. हात उठत नव्हता. मला दिसत होतं."

पॅरामेडिकने हातमोज्यावरच लिहून घेतलं. स्ट्रेचर हललं. लिहिता लिहिता त्याने मान वर केली. रागाने नाही, तो फक्त विचारत होता.

"मग तू काय केलंस?"

"तिसरा मुद्दा सांगितला," चिन्मयी म्हणाली.