यापुढे कोणीही

“नुसतं ‘सदर रुग्णास आणू नये’ लिहून भागणार नाही,” मसुदेकाका म्हणाले. “आज याला थांबवलं तर उद्या दुसरा आणतील. पळवाट ठेवायचीच नाही.”

शिंप्याच्या दुकानात कापड बेतायच्या टेबलाभोवती निम्मी गल्ली जमली होती. दूर देशात साथ आली होती. तिथे सेवेला गेलेल्या इथल्याच एका डॉक्टरला त्या जीवघेण्या विषाणूनं गाठलं होतं आणि त्याला उपचारासाठी मायदेशी, गल्लीमागच्या मोठ्या हॉस्पिटलात आणायचं घाटत होतं. तेव्हापासून लोकांची झोप उडाली होती. शिंपीणबाईंनी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. हॉस्पिटलचं सांडपाणी आपल्याच गटारातून जातं असं कळल्यावर न्हाव्यानं मोरीत ब्लीचिंग पावडरचा आख्खा डबा ओतला होता. त्या वासानं तो दोन दिवस खोकत होता, आणि त्याचा खोकला ऐकून त्याच्याकडे दाढीला कोणी फिरकत नव्हतं.

काकांनी चौतीस वर्षं कचेरीत मसुदे लिहिले होते. त्यांच्या अर्जाला नकार द्यायची कोणाची टाप नाही, असं लोक म्हणत, आणि काकाही नाही म्हणत नसत. त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, “सदर रुग्ण, अथवा यापुढे बाधा झालेली अन्य कोणीही व्यक्ती, कोणत्याही सबबीवर, देशात आणण्यात येऊ नये.”

“कोणीही म्हणजे अगदी कोणीही?” शिंप्यानं विचारलं.

“अगदी कोणीही.”

शिंप्यानं पहिली सही ठोकली.

घरी काकांची मुलगी ड्यूटीवरून येऊन बूट काढत होती. ती त्याच हॉस्पिटलात नर्स होती, आणि तीही नेमकी त्याच वॉर्डात.

“बाबा, तो रोग वाऱ्यावर उडत येत नाही हो. चार बंद दारांआड ठेवणार आहोत त्यांना. तीन वर्षं आम्ही त्याचीच तालीम केलीय.”

“तालीम वेगळी आणि प्रसंग वेगळा,” काका म्हणाले. मग आवाज उतरला. “तो माणूस आला, तर त्याच्या अंगाला हात कोण लावणार? तूच ना?”

हे त्यांनी गल्लीत कोणालाच सांगितलं नव्हतं. आईमागे वाढवलेली एकुलती एक पोर. बाकी गल्लीचं काय व्हायचं ते होवो.

नवव्या दिवशी आदेश निघाला. काकांनी तो पेपरात दोनदा वाचला. एक स्वल्पविराम गळला होता, बाकी शब्द न् शब्द त्यांचा. दिवसभर लोक येऊन हात मिळवून गेले. संध्याकाळी ते खुशीत घरात शिरले, तर मुलगी बॅग भरत होती.

“कुठे निघालीस?”

“तिकडे. पेशंटला इकडे यायला बंदी झाली, मग आम्हीच जायचं ठरलं. सहा जण निघालोय. मी नाव दिलं.”

“तूच कशाला?”

“वॉर्डात सगळ्यात जास्त तालीम माझी झालीय, बाबा.”

काकांचं रागावून झालं, विनवून झालं, अबोला धरून झाला. सकाळी ती गेली.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. डॉक्टर बरे झाले होते, त्या दिवशी स्वतःच्या हातानं जेवले होते. काकांनी ही बातमी गल्लीभर सांगितली, जणू आपणच भरवून आलो. त्यानंतर चार दिवसांनी पुन्हा फोन वाजला, पण आवाज तिचा नव्हता. तिला ताप भरला होता. तपासणीत तोच विषाणू निघाला होता.

“इथे तंबूत आहोत, वीज धड टिकत नाही,” तिचा सहकारी म्हणाला. “तिकडचा आपला वॉर्ड रिकामा पडलाय. विमानसुद्धा मिळेल. परवानगी तेवढी नाही.”

काका धावत कचेरीत गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आदेश समोर ठेवला. “लोकांनी मागितला म्हणून काढलाय हा. लोकांनीच सह्या करून सूट मागितली, तर आज पाठवते वर. एरवी माझे हात बांधलेत.”

काका घरी येऊन लिहायला बसले. दुसऱ्यांच्या मसुद्यांतल्या फटी शोधण्यात त्यांची हयात गेली होती, पण या मसुद्यात एकही सापडेना. शेवटी पाचव्या कागदावर त्यांनी सरळ लिहिलं, माझ्या मुलीला घरी आणा. खाली सह्यांसाठी रेघा मारल्या आणि शिंप्याचं दुकान गाठलं.

आत न्हावी, वाणी, आणखी सातआठ जण दबक्या आवाजात बोलत होते. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. काकांना बघून सगळे उठून उभे राहिले. शिंपी पुढे आला. त्याचे डोळे भरून आले होते.

“काका, आम्हाला वाटलं, आता तुम्ही पोरीसाठी नियम मोडायला लावाल. आणि तुम्ही स्वतःच नवा अर्ज घेऊन आलात! पोटच्या गोळ्यालासुद्धा आणू नका म्हणायला केवढं काळीज लागतं!”

काकांनी तोंड उघडलं.

“नाही, वाचून दाखवू नका,” शिंप्यानं खिशातलं पेन काढलं. “ऐकवणार नाही आम्हाला. सही कुठे करायची तेवढं सांगा.”

काकांनी कागद टेबलावर ठेवला, मजकुरावर तळहात पसरला आणि पहिल्या रेघेवर बोट टेकवलं.

“इथे.”