शाळेसमोरचा लाल पट्टा

शाळा सुटायला वीस मिनिटं होती. तो मोठ्या फाटकासमोर उभा राहून रस्त्याकडे कौतुकानं बघत होता. रस्ता त्याचाच होता. म्हणजे बांधला होता दुसऱ्यांनी, पण शहाणा केला होता यानं.

वाहनचालकांना वाट दाखवणाऱ्या एका ॲपच्या ऑफिसात तो नकाशे सांभाळायचा. आकाशातून काढलेल्या फोटोत शाळा शोधायची, तिचं मुख्य फाटक गाठायचं आणि समोरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना लाल पट्टा ओढायचा. गाडी त्या पट्ट्यात शिरली, की फोनमधली बाई म्हणणार, ‘पुढे शाळा आहे, वेग कमी करा.’ असे चारशे बारा पट्टे त्यानं खुर्चीवरून न उठता ओढले होते. एकाही शाळेत तो गेला नव्हता. जायचं कशाला? वरून सगळं दिसतंच की. ऑफिसातले त्याला सेंटिमीटर म्हणायचे आणि तोही ते कौतुकच समजायचा.

या शाळेचा पट्टा त्यानं महिन्यापूर्वी ओढला होता, तोही नेहमीपेक्षा पन्नास मीटर लांब. लेक इथे दुसरीत होती. बापाचं काळीज, नियमात कसं मावणार?

एरवी लेकीला न्यायला बायको यायची. आज तिची मीटिंग लांबली म्हणून त्याची नेमणूक झाली होती. सकाळी तिनं दोनदा बजावलं होतं, “घंटा झाली की ती सुसाट सुटते. बाहेर आल्या आल्या हात धर तिचा. आणि उभं कुठे राहायचं, माहीत आहे ना?”

“मला विचारतेस?” तो म्हणाला होता, आणि चहाच्या कपावरून तिच्याकडे असं बघितलं होतं, की तिनं पुढचं बोलणंच सोडून दिलं.

आता वीस मिनिटांत त्या रस्त्यावरून मोजून तीन गाड्या गेल्या होत्या. तिन्ही वरातीच्या चालीनं. महिन्यापूर्वी बायको या रस्त्याच्या गर्दीबद्दल कुरकुर करायची. आता बघा म्हणावं! त्यानं रिकाम्या रस्त्याचा एक फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. साहेबांचा अंगठा लगेच आला. त्याला फार बरं वाटलं.

घंटा झाली. आत एकच कल्ला उठला. तो फाटकाला जवळजवळ चिकटून उभा राहिला. पण कल्ला जवळ येण्याऐवजी लांब लांब जायला लागला.

“काय पाहिजे?” आतून पहारेकऱ्यानं विचारलं.

“मुलीला न्यायला आलोय. फाटक कधी उघडणार?”

“हे? हे पाहुणे आले की उघडतं. पोरं मागच्या दारानं जातात.”

“आजच्या दिवस का?”

“शाळा बांधली तेव्हापासून,” पहारेकरी म्हणाला. “पहिल्यांदाच आलात वाटतं?”

तो शाळेच्या भिंतीला वळसा घालून पळत सुटला. खुर्चीवरून न उठणाऱ्या माणसाला शाळा केवढी मोठी असते हे तेव्हा कळलं.

मागे एक बोळवजा गल्ली होती. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं श्वास रोखून धरावा एवढीच. आणि तिच्यात गाड्यांची रांग लागली होती. कार, रिक्षा, टेंपो, हॉर्नवर हॉर्न. जरा मोकळं मिळालं की जो तो सुसाट. छोट्या दारात शाळेच्या मावशी दोन्ही हात पसरून पोरांना मागे सारत होत्या. त्याच्या खिशातला फोन मात्र मुकाट होता.

“बाबा!”

लेकीनं त्याला पाहिलं आणि ती मावशींच्या हाताखालून सटकली. टेंपोचा ब्रेक करकचून ओरडला. तिच्या दप्तरापासून हातभर अंतरावर टेंपो थांबला.

त्यानं तिला उचललं. सात वर्षांत एवढं घट्ट त्यानं तिला धरलं नव्हतं. “बाबा, दुखतंय,” ती म्हणाली, तरी त्यानं हात सैल केला नाही.

“रोज हेच आहे हो,” मावशी कपाळ पुसत म्हणाल्या. “आधी या गल्लीत पोरं पकडापकडी खेळायची. महिना झाला, कुठून एवढ्या गाड्या यायला लागल्या देव जाणे.”

“मी शोधून काढतो!” भीती उतरली तसा त्याला राग चढला. “कुणी सोडल्या या गाड्या इकडे? ज्यानं हे केलंय त्याला मी सोडणार नाही!”

मग तो टेंपोवाल्याकडे वळला. “आणि तुम्ही हो! समोर शाळा आहे, दिसत नाही?”

टेंपोवाला बिचारा स्वतःच घामाघूम झाला होता. त्यानं फोन काढून पुढे केला.

“साहेब, शाळा पुढच्या रस्त्यावर आहे. हा बघा लाल पट्टा. तिथे गाडी फार हळू न्यावी लागते, म्हणून तर हे ॲप महिनाभर सगळ्यांना सांगतंय, या गल्लीतून जा.”