जुना लाल

नव्या डिझायनरला रुजू होऊन पंधरवडाही झाला नव्हता, तोच साहेबांनी टीमच्या शेअर्ड लायब्ररीची, म्हणजे ॲपसाठी ठरवलेल्या रंगांच्या सामायिक फाइलची, साफसफाई तिच्या गळ्यात मारली. कालबाह्य झालेले रंग ती पटापट उडवत सुटली आणि 'जुना लाल'पाशी अडली. तो ॲपच्या एकाही स्क्रीनवर वापरलेला नव्हता, पण त्याच्याखाली लिहिलं होतं : 'कृपया काढू नका.'

का, ते ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी तिने नोकरी सोडून गेलेल्या आधीच्या डिझायनरला फोन लावला.

"हे तुम्ही लिहिलंत का हो?"

"छे! मी आलो तेव्हा नुसतं 'काढू नका' होतं. 'कृपया' तेवढं माझं."

"पण का नाही काढायचा?"

"मीही माझ्या आधीच्या बाईंना हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, निदान आपल्या हातून तरी नको."

फोन ठेवून ती खुदकन हसली. काय एकेक भित्री माणसं! तिने रंग निवडला आणि डिलीटवर बोट नेलं.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "त्या लालचं काय केलंस गं?"

"अपडेट केला, सर."

साहेबांनी उघडून पाहिलं. खाली लिहिलं होतं : 'कृपया अजिबात काढू नका.'