नाव घेते

पुतळाने अनामिकेवर कुंकू घेतलं आणि देवजीरावांच्या कपाळाला बोट टेकवलं, तेव्हा कुठे त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांची मान एकदम मागे गेली.

"हालू नका," ती हळूच म्हणाली. "टिळा वाकडा होईल."

"तू इथं कशी?"

"मंडळाची हाय. ओवालायला बोलावलंय आमाला."

वाशीच्या त्या सभागृहात विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा गौरव चालला होता. मागच्या मोठ्या पडद्यावर अक्षरं झळकत होती : ॲडव्होकेट देवजी मढवी, परित्यक्ता महिलांचे कैवारी. औक्षणासाठी ऐरोलीच्या गावठाणातलं महिला मंडळ बोलावलं होतं. नाक्यावरच्या फलकावर देवजीरावांचा फोटो लागला त्याच दिवशी पुतळाने मंडळाच्या बयाबाईला सांगून टाकलं होतं, या मानसाचं ताट मी धरनार.

तिने ताटातली अंगठी आणि सुपारी त्यांच्या कपाळाजवळून फिरवली. निरांजन उचलणार तेवढ्यात निवेदिका उन्नतीने माइकवर घोषणा केली.

"आपल्याकडे सत्कार सपत्नीक करायची पद्धत आहे. उत्कर्षावहिनी, मंचावर या."

पहिल्या रांगेतून जांभळी पैठणी उठली. पुतळा ताट घेऊन एक पाऊल मागे सरकली. पैठणी तिच्या जवळून गेली, तेव्हा अत्तराचा वास आला.

देवजीरावांच्या पदवीदानाच्या दिवशी पुतळाच्या अंगाला मिठागराचा वास होता. बांधावरून थेट आली होती ती, फडक्यात तांदळाच्या भाकरी आणि सुकट बांधून. "आत बायकांना घेत नाहीत, फाटकापाशी थांब," असं सांगून तो आत गेला. दिवे लागेपर्यंत ती थांबली. मग पहारेकऱ्याने सांगितलं, मंडळी केव्हाच मागच्या फाटकाने गेली. त्यानंतर देवजी गावात आला नाही. सोडचिठ्ठी त्याने मागितली नाही, हिने दिली नाही. गळ्यातली काळी पोत तेवढी दोनदा गाठवून घेतली.

उत्कर्षावहिनी खुर्चीत बसल्या. अध्यक्षांनी शाल उलगडली. उन्नती लाडात आली.

"थांबा सर, एवढ्या सहज नाही मिळायची शाल. वहिनी, आधी नाव घ्या."

सभागृहात हशा पिकला. वहिनी लाजल्या. "अगं, मला नाही येत उखाणे. आमचं रजिस्टर लग्न. कुणी घ्यायलाच लावलं नाही."

"असं कसं? मंडळाच्या मावश्या आहेत ना, शिकवतील. कोण सांगतंय उखाणा?"

"मी घेते," पुतळा म्हणाली.

देवजीराव खुर्चीच्या हातावर हात टेकून अर्धे उठले. "अहो, वेळ कमी आहे. पुढे बरेच सत्कार आहेत. राहू दे ते."

"बसा हो सर, दोन ओळींना कितीसा वेळ लागतो?" उन्नतीने माइक पुतळासमोर धरला. "पण मावशी, नाव आमच्या सरांचंच आलं पाहिजे हं. तुमच्या मालकांचं नाही चालायचं."

"त्यांचंच घेते."

बयाबाई खाली पायऱ्यांपाशी उभी होती. तिने तोंडाला पदर लावला.

पुतळाने माइकच्या जाळीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिला कुणी नाव घ्यायला सांगितलं नव्हतं. बारशाला, हळदीला बायका एकेकीला धरायच्या आणि तिच्यापाशी आलं की पुढचीकडे वळायच्या. तिने घसा साफ केला नाही. आवाज आपोआप मोठा निघाला.

"टाकलेल्या बायकांना देतात कोर्टात न्याय,
देवजीरावांचं नाव घेते, त्यांनी टाकलेली पहिली मीच हाय."

उखाणा संपला की टाळी वाजतेच. तशी ती वाजली, जोरात. मग पुढच्या रांगेत थांबली, मग मधल्या. मागे कुणीतरी एकटंच वाजवत राहिलं होतं, तेही गप्प झालं.

उन्नती अजून हसत होती. हसू आवरायचं तिला सुचत नव्हतं. अध्यक्षांच्या हातातली शाल उलगडलेली तशीच राहिली.

"गावाकडची बाई आहे," देवजीराव म्हणाले. "डोक्यावर परिणाम..."

उत्कर्षावहिनी पुतळाच्या गळ्यातल्या पोतीकडे पाहत होत्या. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तर म्हणाला होतात, पहिली बायको बाळंतपणात गेली."

खुर्चीपुढचा माइक चालूच होता. वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"पोर गेला, बाय," पुतळा म्हणाली. "मी राहिले. तुझ्यावर माझा राग नाय."

देवजीरावांनी मान खाली घातली. व्यासपीठाखाली कॅमेरावाला त्यांच्यावरच कॅमेरा रोखून होता. काय करावं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या पडद्यावर आता त्यांचं टक्कल आणि कपाळाचा वरचा भाग तेवढा दिसत होता.

बयाबाईने खालून खूण केली, चल आता. पुतळा जागची हलली नाही. निरांजनाची वात बारीक झाली होती. तिने बोटाने ती पुढे सारली. ज्योत मोठी झाली. मग तिने ताट दोन्ही हातांनी त्यांच्या चेहऱ्यासमोर धरलं.

"ओवालायचं राहिलंय," ती म्हणाली. "मान वर करा. समद्यांना दिसू द्या."