मागे पाहणारी मुलगी

“हां, पळ आता. आणि त्या कोपऱ्यावर वळून मागे पाहा.”

करिष्मा ओढणी खांद्यावरून कमरेला गुंडाळून गच्चीभर पळाली. अनुपमानं मोबाइलवर फोटो काढला आणि तो पाहून चित्रवहीत पेन्सिलीनं रेघा ओढल्या. पुण्याच्या एका प्रकाशकाला लहान मुलांसाठी ग्रीक कथांचं पुस्तक काढायचं होतं, चित्रं अनुपमाची. आज डाफ्नीचं चित्र होतं. अपोलो देव मागे लागलाय, ही जंगलातून पळतेय. नणंद घरातच होती, म्हणून तिलाच उभं केलं.

नमुन्यादाखल प्रकाशकानं जुनी चित्रं पाठवली होती. सगळ्यांत डाफ्नीचे केस मोकळे, वस्त्र खांद्यावरून निसटलेलं आणि चेहरा शांत, गोड. मांडीवरच्या चार वर्षांच्या शर्वीनं एकावर बोट ठेवलं.

“मम्मी, हे नाचून राह्यली का?”

“नाही गं. पळते आहे.”

“मंग हासून काऊन राह्यली?”

अनुपमानं स्क्रीन बंद केली. प्रकाशकाचा निरोपही तसाच होता. मुलांचं पुस्तक आहे, भीती नको, चेहरा प्रसन्न ठेवा.

“करिष्मा, पुन्हा एकदा. मागे पाहताना जरा—”

“मागं नाय पाहत वहिनी कोनी.” करिष्मा कठड्याला टेकली होती. तिला धाप लागली होती.

“म्हणजे?”

“मागं पायलं का त्यायले वाटते, पोरगी हासली. मंग उद्या अजून दोघं येतात. सरळ चालाचं. पळाचं बी नाय. चाबी बोटात धराची अन् फोन कानाले लावाचा, कोनाचा नसला तरी.”

मलकापूरची बस किती वाजता लागते ते सांगावं तसं ती बोलली. अनुपमाच्या हातातली पेन्सिल थांबली.

“कोण आहेत? कुठून येतात मागे?”

“स्टँडपासून. तुमी इचारलं म्हून सांगितलं. दादाले नका सांगू, कॉलेज बंद करतीन माहं.”

“नाही करणार. मी बोलते तुझ्या दादाशी.”

करिष्मा ओढणीची पिन काढू लागली. निघेना.

जिन्यात चपला वाजल्या. करिष्माचा दादा शेखर वर आला. त्यानं शर्वीला उचललं आणि बायकोच्या चित्रवहीत डोकावला.

“हे काय काढून राह्यली?”

“एक मुलगी आहे. एक जण तिच्या मागे लागतो.” अनुपमा एकेक शब्द जपून टाकत होती. “ती घाबरून बापाला हाक मारते.”

“मंग? चांगला ठोकला असंन बापानं त्याले.”

“नाही. त्याला कोणी काही केलं नाही. बापानं मुलीचं झाड केलं. उभ्या जागी.”

शेखर जरा वेळ चित्राकडे पाहत राहिला. करिष्माही पाहत होती. चित्राकडे नाही, त्याच्याकडे.

शर्वीच्या गालाला पेन्सिलीचं काळं लागलं होतं. ते त्यानं अंगठ्यानं हलकेच पुसलं.

“बरं केलं,” तो म्हणाला. “जाग्यावर त राह्यली पोरगी.”