चौथ्या कादंबरीचा शेवट

चेटकिणींच्या घराण्याच्या त्या चारही कादंबऱ्या शलाकाने चाळिशीत पुन्हा हातात घेतल्या. लहानपणी ताईने त्या मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या, आणि आपल्याला तोंडपाठ आहेत अशीच तिची समजूत होती.

चौथीच्या शेवटच्या पानावर ती थबकली. मुलींना सोडून गेलेली चेटकीण आई परत येते, असं ताईने वाचलं होतं. इथे ती येतच नव्हती. थोरली मुलगी दाराला आतून कडी घालते आणि गोष्ट संपते.

तिने ताईला फोन लावला. "चौथीचा शेवट खोटा का वाचलास?"

"आई आपल्याला टाकून गेली त्याला आठवडाच झाला होता गं. तू सहा वर्षांची होतीस, जेवत नव्हतीस."

"मी तेच खरं धरून बसले, ताई. बढती नाकारली, चांगलं स्थळ नाकारलं, पण मिरजेचं घर सोडलं नाही. आई आली आणि दाराला कुलूप दिसलं तर, म्हणून."



"मला वाटलं होतं," ताई म्हणाली, "स्वतः वाचायला लागलीस की खरा शेवट तुला कळेल."