स्वारीचे दूरगामी परिणाम

“म्हणजे तिकडचा?” इशेंगोमा आजोबांनी विचारलं आणि मांडीवरच्या कॉफीच्या टोपलीचं झाकण आणखी घट्ट दाबून धरलं.

कल्यांगोने मान डोलावली. युगांडातल्या मसाकाहून सरहद्द ओलांडून तो टांझानियातल्या या गावी मागणी घालायला आला होता. कोकुटोना राजी होती, तिचे आईबाप राजी होते. पण घरातल्या वडीलधाऱ्याने टोपली उघडून कॉफीचे चार दाणे चघळायला हातावर ठेवले, तरच सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना होकार धरतात. आणि चाळीसेक वर्षांपूर्वी युगांडाच्या फौजेने इथे स्वारी केली, तेव्हाच्या लढाईपासून तिकडच्या कुणासाठी तिच्या आजोबांनी ती उघडली नव्हती.

“तुमच्या फौजेनं आमचा पूल उडवला,” आजोबा म्हणाले. “गुरं हाकून नेली. माझ्या काकाच्या दाराची चौकट उपटून नेली आणि दार इथंच टाकलं! नुसत्या चौकटीचं काय करणार होते रे?”

मांडवात हशा पिकला.

“आजोबा, तेव्हा माझे वडील रांगत होते.”

“रांगत का होईना, तिकडेच ना?”

बोलणी करायला आलेला कल्यांगोचा मामा काही गप्प बसणाऱ्यातला नव्हता. “आणि मग तुमची फौज घुसली ती थेट कंपालापर्यंत! आमच्या कोंबड्या अजून दचकतात.”

“त्या फौजेत मी होतो,” आजोबांनी छाती पुढे काढली. “मसाकात तळ होता आमचा. काय रे, तू इतिहासाचा मास्तर ना? मग सांग, शेजाऱ्यावर स्वारी केली की पुढे काय काय होतं? सगळं सांगितलंस तर टोपली उघडतो.”

कल्यांगोने घाम पुसला. हा धडा तो दरवर्षी शिकवायचा. स्वारी करणाऱ्याची गादी गेली, तो परागंदा झाला. जिंकणाऱ्याची तिजोरी रिकामी झाली, दुकानांतून साखर आणि साबण गायब झाले. हरलेल्या देशात सरकारांमागून सरकारं कोसळली. सरहद्दीवरच्या सोयरिकी तुटल्या. तो धडाधड सांगत गेला.

आजोबांनी जांभई दिली. “हे पुस्तकातलं झालं. अजून?”

अजून काय? कल्यांगोने मनातल्या मनात धड्याची पानं पुन्हा उलटली. खांबाशी उभ्या कोकुटोनाचा चेहरा रडवेला झाला.

तेवढ्यात आजी जेवणाचं मोठं ताट घेऊन आल्या. आजी जवळच्या करागवे भागातल्या, म्हणजे सरहद्दीच्या अलीकडच्याच, असं घरात सगळे मानत. त्यांनी ताटातलं केळीच्या पानांचं गाठोडं सोडलं आणि वाफेचा लोट उठला. आत पिवळाधमक, मऊ गोळा होता. कल्यांगोला एकदम घरची आठवण झाली. या गावात केळी घेवड्याबरोबर पातेल्यात रटरटत शिजतात. पानांत बांधून वाफवायची आणि पानांतच दाबून मऊ करायची, हे त्याच्या आईचं काम. मसाकाच्या प्रत्येक आईचं.

त्याने आजींकडे पाहिलं. आजींनी पटकन नजर खाली वळवली.

“आजोबा,” तो हळूच म्हणाला, “एक परिणाम राहिला. एखादा शिपाई तिकडची केळी खाऊन येतो. आणि ती वाफवणारीलाही घेऊन येतो.”

आजोबांचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला. “ती... करागवेची आहे,” ते पुटपुटले.

“करागवे?” आजींना हसू आवरेना. “उभ्या जन्मात पाहिलं नाही मी ते! लोक शत्रूची लेक म्हणतील म्हणून तुम्हीच घातलंत ना माझ्या गळ्यात?”

कोकुटोनाने तोंडावर हात धरला. आजी खाली बसल्या. नवऱ्याच्या मांडीवरची टोपली त्यांनी सरळ उचलली, झाकण काढलं आणि कल्यांगोच्या तळहातावर दाणे ठेवले.

मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “अहो, तुम्ही बंदूक घेऊन आला होतात, तरी माझ्या बाबांनी तुमच्यापुढे टोपली उघडली होती.”